दीड इंच सैल

दादाला "पाणी देऊ का" असं विचारलं तरी तो आधी "गार की साधं" विचारतो, आणि साधं दिलं की गारच घ्यायला हवं होतं असं तोंड करून पितो. माझा सख्खा मोठा भाऊ आहे, अठ्ठावन्न वर्षांचा, तेव्हा हे बोलायचा हक्क मला आहे. लग्नाचंही त्याचं असंच झालं. विचार करतो म्हणाला, आणि त्याचा विचार करून झाला तोवर ती दुसऱ्याची होऊन तिला दोन मुलं झाली होती. अशा माणसाच्या हाती मी बाबांच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन निवडायचं काम दिलं. चूक माझीच.

आमचं शिलाईचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. कापायला दादा, शिवायला मी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आम्हा दोघांच्या चुका काढायला बाबा. बाबा ब्याऐंशीचे. गेल्या वर्षी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि पाठीचा एक मणका चेपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिंडूफिरू द्या, पण धक्का बसता कामा नये. एक खड्डा जोरात आपटला तर कायमचे अंथरुणाला खिळतील."

आता बाबांना जायचं कुठे होतं? एकाच ठिकाणी, त्यांच्या बहिणीकडे. आमची आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, सत्तर किलोमीटरवर राहते आणि तिला खाटेवरून खुर्चीत बसवायलाही आता दोन माणसं लागतात. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच बाबांना वाढवलं, शिवणही तिनंच शिकवलं. तिनं शिवलेला एकही शर्ट बाबांना कधी बेताचा झाला नाही. "वाढतं अंग आहे" म्हणून प्रत्येक मापात वीतभर सैल. बाबा म्हणतात, "मी शाळा संपेपर्यंत तंबूत राहिलो." दोघं रोज सकाळी फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात. "कधी येतोस?" ती विचारते. "येतो गं, गाडीचं काम चाललंय," हे सांगतात. असं किती महिने चाललं होतं ते सांगायची मला लाज वाटते.

गाडीच का, भाड्याची टॅक्सी का नाही, हे मलाही सगळ्यांनी विचारून झालं. करून पाहिलं होतं. टॅक्सीच्या त्या खोलगट सीटवर बाबा बसले आणि पाचव्या मिनिटाला "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले. त्यांना बाहेर काढायला मी, दादा आणि ड्रायव्हर असे तिघं लागलो. बाबांच्या जुन्या गाडीतली सीट खुर्चीसारखी ताठ आहे. ती त्यांनी स्वतः शिवलेली, कमरेशी जाड गादी घातलेली. दार पार उघडतं, पाय सरळ बाहेर टाकता येतो. त्या सीटवर ते तास-तासभर बसतात, अगदी गाडी बंद असतानाही. बसून वर्तमानपत्र वाचतात.

गाडी लहानशी, गोल डोळ्यांची, पन्नास वर्षांपूर्वीची. इंजिन मागे आणि डिकी पुढे. मागचं सगळं धड होतं. पुढचं सगळं गेलं होतं. एक स्प्रिंग तडकलेली, दुसरी बसलेली, शॉकअप गळके, रबरी बुश हाताने चुरले जात होते. बारीकसा खडा चाकाखाली आला तरी स्टिअरिंगवरचा हात दणकायचा. मिस्त्री म्हणजे जुन्या गाड्यांचं काम करणारा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. त्याने पुढची चाकं काढली, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवली आणि सांगितलं, "तीन रस्ते आहेत. जसं होतं तसं नवं बसवायचं. नाहीतर शर्यतवाले घालतात तो कडक, बुटका सेट मिळतो तो घालायचा. नाहीतर मापानं मऊ स्प्रिंग करून घ्यायच्या आणि जोडीला आजच्या जमान्याचे गॅसचे शॉकअप. कोणतं ते सांगा."

झालं! तीन रस्ते म्हटल्यावर दादा चौकात बसला तो बसलाच.

त्याने वही घातली. वहीत रकाने पाडले. जगभरच्या जुन्या गाड्यांचे वेडे फोनवर एकमेकांना सल्ले देत असतात, त्यांच्यात हा जाऊन मिसळला. मूळचंच बसवा, नाहीतर गाडीचा आत्मा जातो, असं एक जण म्हणाला की दादा दोन आठवडे आत्मा आत्मा करत फिरायचा. मग कुणीतरी सांगायचं की मूळचं मुळातच वाईट होतं, ही गाडी नवी असतानाही वळणावर घाबरवायची. मग दादाचं तोंड उतरायचं. कापायच्या टेबलावर कुणाच्या तरी कोटाचं कापड पसरलेलं, त्यावर खडू घेऊन हा उभा, आणि नजर फोनमध्ये.

"दादा, बाबांना आत्याकडे न्यायचंय. शर्यत लावायची नाहीये."

"म्हणून तर नीट निवडायला हवं. घाईत चुकलं तर?"

"अरे, मऊ हवं ना? मग तिसरं! शेंबडं पोरही सांगेल."

"मऊ म्हणजे किती मऊ? फार मऊ झालं तर गाडी डोलते. डोलली तर पाठीला पीळ बसतो." आणि परत वहीत डोकं.

चिडायचं तरी किती? तो म्हणतो त्यात अगदीच चूक नसतं, हीच तर त्याच्याबरोबर राहण्यातली खरी शिक्षा आहे. मिस्त्री दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, "मास्तर, ठरलं का? जागा अडलीये." दादा म्हणायचा, "जवळजवळ." पाच महिने हे जवळजवळ चाललं. गाडी पुढची चाकं नसलेली, गॅरेजच्या कोपऱ्यात, तिच्यावर धूळ इतकी की कुणीतरी बोटाने फुली-गोळा खेळून गेलं होतं.

मग एका सकाळी फोन वाजला तो आत्याचा नव्हता, आतेवहिनीचा होता. आत्या रात्रभर खोकत होती, खाणं सुटलं होतं, आणि पहाटे तिनं विचारलं होतं, "तो आला का?" वहिनी मला हळूच म्हणाली, "मामांना आणायचं असेल तर आता आणा. नंतर आणून काय करायचं?" मी फोन ठेवला. बाबा खुर्चीत होते, सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने वही मिटली.

तेवढ्यानं मी थांबणार नव्हते. त्याला हाताला धरून गॅरेजवर नेलं. "तिसरं," मी मिस्त्रीला म्हटलं. "मऊ. आज. आत्ता. हा काही बोलला तर ऐकू नका."

"वा," मिस्त्री म्हणाला. त्याच्या वीस वाक्यांतलं ते एक.

स्प्रिंग करणारा कारागीर दुसऱ्या गावी होता. त्याला गाडीचं वजन आणि एकच माप हवं होतं. गाडी नेमक्या उंचीवर समतल धरली की स्प्रिंगची वरची वाटी आणि खालची वाटी यांच्यात अंतर किती, एवढंच. पुढचं गणित त्याचं. मिस्त्रीने जॅक लावून गाडी समतल केली आणि तेवढ्यात त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली. "मास्तर, माप घ्यायला तुम्हाला काय शिकवायचं!" असं म्हणून तो गेला.

दादा टेप घेऊन खाली शिरला. मी उलट्या टाकलेल्या खोक्यावर, मांडीवर दुकानाची मापाची वही. हे काम आम्ही चाळीस वर्षं करत आलोय, झोपेतही करू. आमच्याकडे त्याचा नियम आहे, आत्यानं बाबांना घालून दिलेला आणि बाबांनी आम्हाला. माप घेणाऱ्यानं नुसतं अंगाचं माप बोलायचं. सैल, म्हणजे मापावर वाढवायची मोकळी जागा, किती ठेवायची ते लिहिणाऱ्यानं मनात धरून, बेरीज करून लिहायचं. दोघांनी धरली तर कपड्याचं पोतं होतं, कुणीच नाही धरली तर माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून दादा बोलतो आणि मी लिहिते, ठरलेलं.

"सव्वाआठ!" दादा गाडीखालून ओरडला. "दुसरीकडेही सव्वाआठ!"

मी लिहिलं, पानाचा फोटो काढला, कारागिराला पाठवला. त्याच दिवशी गॅसचे शॉकअप आणि नवे बुशही सांगून टाकले. पाच महिन्यांचं काम मी पाऊण तासात उरकलं होतं आणि त्याबद्दल घरी येईपर्यंत दादाला ऐकवत होते. "बघ. असं असतं. जेवढं लागतं तेवढं मोजायचं आणि पुढे जायचं."

स्प्रिंग यायला तीन आठवडे लागले. आत्या तेवढ्यात जरा सावरली, पुन्हा खाल्लं, फोनवर पुन्हा भांडली, फक्त आवाज बारीक झाला होता. स्प्रिंग बसल्याचा निरोप आला तसे मी आणि दादा धावतच गेलो. बाबांना सांगून गेलो, "उद्या सकाळी निघायचं."

गाडी चारी चाकांवर उभी होती आणि तिचं तोंड आकाशाकडे होतं. पुढून इतकी वर की खालून मांजर ताठ मानेनं गेलं असतं. पुढची चाकं वरच्या बाजूला फाकलेली. मिस्त्री हाताची घडी घालून उभा.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"जास्त उंच," तो म्हणाला. "अशी नाही देणार. चाकं रस्त्याला नीट टेकत नाहीत. जोरात वळवली तर सरळच जाईल."

माझा असा संताप झाला! आधी मी दादाला धरलं. एक माप, आयुष्यात एक माप नीट घ्यायचं होतं, तेही धड जमलं नाही? वहीत पाच महिने रकाने पाडलेस ते काय उपटलंस? तो म्हणाला, "सव्वाआठच होतं गं, दोनदा बघितलं." मग मी मिस्त्रीला, माप आमच्यावर टाकून गेल्याबद्दल. मग न पाहिलेल्या त्या कारागिराला. गॅरेजमधली बाकीची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मी थांबत नव्हते, कारण डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, बाबा उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत बसलेले.

मिस्त्रीने माझं सगळं संपू दिलं. मग फोन काढून फोटो माझ्यापुढे धरला. "कारागिराने पाठवलाय. म्हणतो, मी दिल्या मापाची केली. ताई, हे अक्षर कुणाचं?"

अक्षर माझं होतं. स्वच्छ, गोल, बाबांनी छडी मारून वळवलेलं. पानावर लिहिलं होतं, "पावणेदहा. दोन्ही."

सव्वाआठ म्हणजे जाड माणसाचं मनगट. मनगटाला दीड इंच सैल. सव्वाआठ आणि दीड, पावणेदहा. चाळीस वर्षांच्या हाताने लोखंडाच्या स्प्रिंगला सैल धरली होती, आणि डोक्याला विचारलंही नव्हतं.

दादा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त फोटो जवळ घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "बेरीज बरोबर आहे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच महिने ज्याला घोळ घालणारा म्हणून बोल बोल बोलले, त्याने घेतलेलं माप अचूक होतं. घाण मी केली होती, पाऊण तासात.

"नव्या करायला किती दिवस?" दादाने विचारलं.

"तीन आठवडे," मिस्त्री म्हणाला.

"कापून लहान करता येतील?"

"येतील. पण कापली की कडक होते. मग मोठ्या मास्तरांच्या पाठीचं काय?" मग तो म्हणाला, "पुढे वजन पडलं तर मात्र बसेल. पन्नासेक किलो. वाळूची पोती टाका डिकीत, नव्या येईपर्यंत."

घरी येऊन मी बाबांसमोर उभी राहिले. इस्त्री केलेला शर्ट हँगरला लावला होता. मी सगळं सांगितलं, एका दमात, आणि सांगताना रडले. छप्पन्नाव्या वर्षी, दुकानात, गिऱ्हाइकांच्या खुर्चीजवळ उभी राहून.

बाबांनी विचारलं, "किती धरलीस?"

"दीड इंच."

"मनगट धरलंस होय." आणि ते हसायला लागले. हसताना पाठ दुखते म्हणून एका हाताने खुर्ची धरली, तरी हसत राहिले. "अगं, कपडा मोठा झाला तर त्यात रडण्यासारखं काय आहे? अंग भरायचं. वाळू कशाला पाहिजे? तिची मशीन न्या."

आत्याची मशीन. पायाची, बिडाच्या स्टँडची. लग्न होऊन जाताना ती बाबांना देऊन गेली होती, "तू कमवायला लाग, मग परत दे" म्हणून. बाबांनी तिच्यावर दुकान उभं केलं, गाडी घेतली, आमची शिक्षणं केली, आणि परत द्यायची मात्र दर वर्षी राहून गेली. आता ती खिडकीखाली असायची आणि आम्ही तिच्यावर चिंध्या ठेवायचो.

दादाने ती सुटी केली. कोणता बोल्ट आधी काढायचा यावर त्याने क्षणभरही विचार केला नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. डोकं वेगळं, पाय वेगळे, चाक वेगळं, आणि भर म्हणून जुन्या लोखंडी इस्त्र्या तीन. सगळं गोधडीत गुंडाळून गॅरेजवर नेलं, पुढच्या डिकीत रचलं, हलू नये म्हणून दोरीनं आवळलं. मिस्त्री गुडघ्यावर बसून बघत होता. एकेक नग आत गेला तशी गाडी बोटबोट खाली आली. शेवटच्या इस्त्रीला त्याने हात वर केला. चाकं सरळ झाली होती. त्याने गाडी चालवून आणली, चार वळणं घेऊन, आणि दोन रिकामी पोती माझ्या हातात दिली. "येताना मशीन नसेल. वाळू भरा. आणि ताई, भरताना वजन दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दादा चालवायला, शेजारी बाबा त्यांच्या सीटवर, मागे मी. तासभर मी पाठीमागून बाबांच्या मानेकडेच बघत होते. रस्त्यात एका ठिकाणी रेल्वेचे रूळ ओलांडायचे होते, उखडलेले, आणि ते दिसले तशी मी बाबांच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. दादाने वेग कमी केला. पुढचं चाक उतरलं, गाडी खाली गेली, सावकाश वर आली, आणि संपलं.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"एवढंच," दादा म्हणाला. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायचं ते सगळं मी आधीच बोलून बसले होते.

आत्याला वहिनीने खुर्चीत बसवून दारापाशी आणलं होतं. किती लहान झाली होती! डोळ्यांवर पांढरी साय आलेली. बाबा काठी टेकत तिच्यापर्यंत गेले. "उशीर केलास," ती म्हणाली.

"गाडीचं काम होतं."

"पाच महिने? विमान बांधत होतास का?"

"तुझ्या भाच्याला विचार," बाबा म्हणाले. "नाहीतर भाचीला विचार. दोघांनी मिळून केलंय."

दादाने मशीन आत आणून जोडली आणि तिच्या खुर्चीजवळ ठेवली. आत्यानं हात पुढे केला. चाक सापडलं. ते तिनं जरासं फिरवलं, सुईच्या दांड्यावर बोट ठेवलं, पट्टा चाचपला. "तेल घातलंय," ती म्हणाली. मग एकदम म्हणाली, "ये इकडे. जवळ उभा राहा. माप घेते."

"अगं, आता कसलं माप?"

"ये म्हटलं ना."

बाबा तिच्यापुढे उभे राहिले, वाकून, एका हाताने मशीन धरून. टेप तिनं मागितलाच नाही. वीत आणि बोटं, वीत आणि बोटं. खांद्यावरून हात गेले, पाठीवरून गेले, चेपलेल्या मणक्यापाशी थांबले आणि हळूच पुढे सरकले. "लिही गं," ती मला म्हणाली. मी पिशवीतून दुकानाची वही काढली.

"खांदा पंधरा. छाती बत्तीस."

आमच्या वहीत बाबांची छाती तीस वर्षं अडतीस आहे. ते वाळलेत हे मला दिसत होतं, रोज दिसत होतं, पण आकड्यात कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला सैल किती धरायची ते कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते विचारलं.

"आत्या, सैल किती धरू?"

"वीतभर धर," ती म्हणाली. "वाढतं अंग आहे त्याचं."

"अगं, ब्याऐंशीचा झालो मी!"

"हलू नकोस."

बाबा हलले नाहीत. मी बत्तीसात नऊ मिळवले आणि एक्केचाळीस लिहिलं.